पिकअपच्या पाठीवरील कॅम्पर आणि त्याच्या भिंतींचा इतिहास

पिकअप ट्रकचा मूळ हौदा उतरवून त्या जागी सपाट मंच बसवायचा आणि त्या मंचावर संमिश्र पॅनेलांची, म्हणजे दोन पातळ पण कणखर पृष्ठांमध्ये हलक्या फोमचा जाड गाभा चिकटवून तयार केलेल्या फळ्यांची, राहण्याजोगी खोली उभारायची, ही आज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी या देशांत चांगलीच रुजलेली कारागिरी आहे. अशा खोलीला कॅम्पर म्हणतात. तिचा इतिहास सामान्यतः भटकंतीच्या हौसेचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि त्यामुळे त्यातला सर्वांत मोलाचा भाग झाकला जातो. कॅम्परची भिंत मुळात कॅम्परसाठी घडलीच नव्हती. ती विमानांच्या कारखान्यांत, होड्यांच्या गोद्यांत आणि मांस-दूध वाहणाऱ्या शीतगाड्यांच्या शेडमध्ये आकाराला आली, आणि फिरत्या घराच्या वाट्याला बरीच उशिरा आली. या कारागिरीचे शतकभराचे झगडे पाहिले तर ते बहुतेक सांध्यांशी निगडित दिसतात: पृष्ठ आणि गाभा यांचा सांधा, भिंत आणि भिंत यांचा सांधा, आणि अखेरीस खोली आणि ट्रकचा सांगाडा यांचा सांधा.

मोटारीवर घर बांधण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी म्हणावी लागेल. पिअर्स-ॲरो या अमेरिकी कंपनीने 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात झोपण्याची आणि धुण्याची सोय असलेली ‘टूरिंग लँडो’ मांडली, पण ती धनिकांची वस्तू होती. सामान्य माणसाच्या आवाक्यात ही गोष्ट आली ती फोर्डच्या मॉडेल टीमुळे, कारण तिची चॅसिस, म्हणजे इंजिन आणि चाके धरून ठेवणारा पोलादी सांगाडा, स्वस्त होती आणि तिच्यावर कोणीही सुतार हवा तो साटा, म्हणजे गाडीचा वरचा भाग, चढवू शकत असे. 1919 मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटारीत मुक्काम करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदांच्या गाड्यांमध्ये घरच्या घरी बनवलेले साटेच अधिक होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, दारूबंदीमुळे नवे उद्योग शोधणाऱ्या सेंट लुईसच्या अनहॉयझर-बुश या मद्य कंपनीने मॉडेल टीच्या चॅसिसवर बसवायचा ‘लॅमस्टीड कॅम्पकार’ हा तयार साटा बाजारात आणला. आजच्या सुट्या भागांच्या कॅम्पर-संचाचा तो पूर्वज मानायला हरकत नाही. फोर्डने 1925 मध्ये कारखान्यातच हौदा बसवलेली पिकअप 281 डॉलरना विकायला काढली आणि शेतकऱ्याच्या, सुताराच्या, प्लंबरच्या दारात असे एक वाहन उभे राहिले की ज्याची पाठ मुळात मोकळी होती.

या पहिल्या पिढीतील साटे घोडागाडीच्या कारागिरांच्या हातचे होते. लाकडी चौकट, तिच्यावर फळ्या किंवा ताणून बसवलेले रंगवलेले कापड, पुढे पत्रा, अशी त्यांची रचना असे. घोडागाडीच्या वेगाला जे सांधे पुरत होते ते मोटारीच्या हादऱ्यांनी सैल होऊ लागले, सैल सांध्यातून पाणी शिरू लागले आणि पाणी शिरलेले लाकूड आतून कुजू लागले. प्लायवूडने हा प्रश्न सुटेल असे वाटले होते, परंतु प्लायवूडचे पातळ थर ज्या गोंदाने जोडत तो सोयाबीनच्या, रक्ताच्या किंवा दुधाच्या प्रथिनापासून केलेला असल्याने ओल लागताच थर सुटत. 1934 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील ॲबर्डीन येथे, हार्बर प्लायवूड कंपनीतील रसायनज्ञ जेम्स नेव्हिन यांनी पूर्णपणे जलरोधक चिकटद्रव्य सिद्ध केले, आणि तेव्हाच प्लायवूड उघड्यावर टिकू लागले.

याच सुमारास विमान बांधणाऱ्यांची नजर फिरत्या घराकडे वळली. विमानविद्येचे आद्य कर्ते ग्लेन कर्टिस यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस ‘एअरोकार’ नावाच्या हलक्या जोडगाड्या, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या गाड्या, बनवल्या. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ विमानाच्या बांधणीवर देखरेख केलेल्या हॉली बोलस यांनी 1934 मध्ये रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ‘रोड चीफ’ ही जोडगाडी काढली, आणि तिच्याच वळणावर 1936 मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ आली. या गाड्या देखण्या आणि हलक्या होत्या, पण ॲल्युमिनियम उष्णता विलक्षण सहजतेने वाहून नेते. त्याची उष्णतावाहकता पुढे आलेल्या फोमच्या हजारो पट आहे. आत कोरडी लोकर भरली तरी धातूच्या बरगड्या थंडी थेट आत आणत, त्यांच्यावर श्वासातील वाफेचे दव जमे आणि ते भिंतीच्या पोकळीत झिरपे. उष्णतेला आयती वाट करून देणाऱ्या अशा जागेला अभियंते उष्णतासेतू म्हणतात. पुढच्या सगळ्या प्रगतीत हा सेतू तोडण्याचा प्रयत्न दिसतो.

संमिश्र पॅनेलमागील तत्त्व समजायला अवघड नाही. फळी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि मधल्या भागावर ताण किंवा दाब फारसा येत नाही. तिथे थर एकमेकांवरून सरकू पाहतात, म्हणजे कातरबल काम करते. मग कणखर साहित्य फक्त दोन्ही पृष्ठांना वापरावे आणि मध्ये एवढेच बळ सोसणारा हलका गाभा ठेवावा, हे ओघाने आले. पृष्ठे तीच ठेवून त्यांच्यातील अंतर दुप्पट केले तर फळीचा ताठरपणा सुमारे चौपट होतो आणि वजन मात्र गाभ्याच्या हलक्या फोमापुरतेच वाढते. आजच्या एका नमुनेदार पॅनेलचा हिशेब केला तर हे स्पष्ट होईल. दोन्ही बाजूंना 2 मिलिमीटर फायबरग्लास, म्हणजे राळेत भिजवलेल्या काचतंतूंचा थर, आणि मध्ये 46 मिलिमीटर फोम असेल, तर 50 मिलिमीटर जाडीच्या अशा फळीचे वजन दर चौरस मीटरला साधारण 9 किलो भरते. अवघ्या 12 मिलिमीटर जाडीचे प्लायवूड त्याच क्षेत्रफळाला 7 किलोंच्या आसपास जाते आणि त्याला चौकटीचा आधार लागतो तो वेगळाच. 2.4 मीटर लांब, 1.9 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच खोलीचे छत, तळ आणि चार भिंती मिळून सुमारे 26 चौरस मीटर होतात. म्हणजे संपूर्ण कवच अडीचशे किलोंच्या आत बसते. एक टनाच्या आसपास भार पेलणाऱ्या पिकअपवर पाणी, बॅटरी, सामान आणि माणसे यांचाही भार पडणार असतो, आणि शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते.

हे तत्त्व प्रत्यक्षात उतरण्यासाठी पृष्ठ गाभ्याला कायमचे धरून ठेवील असे चिकटद्रव्य हवे होते. या शोधातील सर्वांत मोठा प्रयोग दुसऱ्या महायुद्धाने घडवला. ब्रिटनच्या द हॅविलँड कंपनीने बर्चच्या प्लायवूडमध्ये बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा गाभा घालून ‘मॉस्किटो’ हे लढाऊ विमान बनवले आणि 25 नोव्हेंबर 1940 रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. त्याचे धड दोन अर्ध्या साच्यांत वेगवेगळे घडवून मग जोडले जाई. आरंभी त्यासाठी केसीन, म्हणजे दुधातील प्रथिनापासून केलेला गोंद वापरला जात होता. त्याची जागा पुढे नॉर्मन द ब्रुइन यांच्या डक्सफर्ड येथील एरो रिसर्च कंपनीने तयार केलेल्या कृत्रिम राळेच्या गोंदाने घेतली. या प्रयोगाची एक कठोर परीक्षा भारतात झाली. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी पूर्व भारतातून उडणाऱ्या काही मॉस्किटो विमानांचे पंख 1944 च्या शरद ऋतूत हवेतच मोडले आणि नोव्हेंबरमध्ये या भागातील मॉस्किटोंची उड्डाणे थांबवावी लागली. उष्ण-दमट हवेचा दोष किती आणि कारखान्यातील सदोष जुळणीचा किती, हा पुढे वादाचा विषय झाला. परंतु थरांच्या रचनेची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या सांध्याएवढीच असते आणि ज्या सांध्यात पृष्ठे नीट टेकलेली नाहीत तिथे चांगला गोंदही उपयोगी पडत नाही, ही गोष्ट या घटनेने निर्विवादपणे दाखवली. आज कॅम्परचे पॅनेल दाबयंत्राखाली किंवा निर्वात पिशवीत दाबून धरले जाते, त्याचे कारण हेच आहे.

लाकडाच्या जागी काच आणि राळ येण्यास फार वेळ लागला नाही. काचतंतूंचे औद्योगिक उत्पादन करणारी ओवेन्स-कॉर्निंग कंपनी 1938 मध्ये स्थापन झाली होती आणि पॉलिएस्टर राळही त्याच सुमारास उपलब्ध झाली. अमेरिकी हवाई दलाच्या राइट फील्ड येथील अभियंत्यांनी फायबरग्लासची पृष्ठे आणि बाल्साचा गाभा असलेले धड एका प्रशिक्षण विमानाला बसवून 1944 मध्ये ते उडवून दाखवले. गाभ्यासाठी दोन फोम पुढे आले. एक पॉलियुरेथेन, ज्याचे रसायन ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे शोधले. आणि दुसरा पॉलिस्टायरीन, ज्याचा बंद कोशांचा फोम अमेरिकेच्या डाऊ कंपनीने 1940 च्या दशकात आणला आणि जो पाणी शोषत नसल्याने आरंभी तराफ्यांसाठी वापरला गेला. युद्ध संपले तेव्हा आजच्या कॅम्परच्या भिंतीला लागणारे जवळपास सर्व घटक अस्तित्वात होते.

तरीही युद्धोत्तर काळातील कॅम्पर या ज्ञानापासून दूरच राहिला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शिकारी आणि मासेमार आपल्या पिकअपच्या हौद्यात आयती सरकवता येईल अशी खोली बनवू लागले. ती उतरवली की ट्रक पुन्हा कामाला मोकळा होई, आणि अनेक राज्यांत ती वाहन न समजता माल समजली जात असल्याने कायद्याचीही सोय होती. 1950 च्या दशकात डॉन हॉल यांनी अलास्काच्या लांब रस्त्यासाठी द्रवदाबाच्या यंत्रणेने छत वरखाली होणारा ‘अलास्कन’ कॅम्पर बनवला, कारण उंच खोली वाऱ्याला अडते आणि गाडी डोलते. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक 1960 मध्ये जीएमसी ट्रकवरील कॅम्परमधून अमेरिकाभर फिरले आणि 1962 मध्ये त्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर या वाहनाला साहित्यातही जागा मिळाली. तो ट्रक आज कॅलिफोर्नियातील सलिनस येथे जतन केलेला आहे. मागणी इतकी वाढली की फोर्डने 1965 पासून जड कमानपाट्यांचे खास ‘कॅम्पर स्पेशल’ ट्रक काढले. 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी सरकारला असा नियम करावा लागला की कॅम्परच्या उत्पादकाने त्याचे भरलेले वजन आणि गुरुत्वमध्य नेमका कुठे पडतो ते जाहीर करावे. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या मागे गेला तर पुढची चाके उचलली जाऊन सुकाणू हलके पडते, आणि ग्राहकांना हे कोणी सांगतच नव्हते.

या भरभराटीच्या काळातील बहुसंख्य कॅम्पर लाकडी दांडक्यांच्या चौकटीवर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून आणि मधल्या फटींत काचलोकर कोंबून बनवलेले होते, ही खेदाची बाब आहे. दुसऱ्या महायुद्धातील विमानांनी जे शिकवले ते सारे बाजूला ठेवून 1920 च्या सुताराची पद्धत कारखान्यात हजारोंच्या संख्येने गिरवली गेली, कारण ती स्वस्त होती आणि भिंतीच्या आत काय आहे हे ग्राहकाला दिसत नव्हते. छताच्या कडेचे मस्टिक, म्हणजे फट बुजवणारा चिकट लेप, सुकले की पाणी आत जाई आणि भिंत बाहेरून चकचकीत असतानाच आतील लाकडाचा भुगा झालेला असे. अपवाद होते. आयोवातील विनेबागो कंपनीने 1960 च्या दशकात फोमच्या गाभ्याचे थर चिकटवून केलेले ‘थर्मो-पॅनेल’ आपल्या गाड्यांत वापरले; कॅनडात 1968 मध्ये रे ओलेको यांनी विनिपेग येथे ‘बोलर’ ही दोन साच्यांत घडवलेल्या फायबरग्लासच्या अर्धकवचांची जोडगाडी काढली आणि सांधे कमी केले की गळती कमी होते हे सिद्ध केले. पण साचा महाग असतो आणि तो एकच आकार देतो. प्रत्येक ट्रकला आणि प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली हवी असेल तर सपाट फळीच उपयोगी पडते.

ती सपाट फळी शीतगाड्यांच्या उद्योगाने पुरवली. फ्रेडरिक जोन्स आणि जोसेफ न्यूमरो यांनी 1938 मध्ये मिनियापोलिस येथे ट्रकवर बसणारे शीतयंत्र व्यवसायात आणल्यानंतर अशा ट्रकच्या साट्याला उष्णता अडवणाऱ्या, धुता येणाऱ्या आणि न कुजणाऱ्या भिंतींची गरज निर्माण झाली, आणि पॉलियुरेथेन फोम स्वस्त होताच तिचे उत्तर सापडले. फायबरग्लासच्या सलग पृष्ठांची, आत लाकूड किंवा धातूची एकही बरगडी नसलेली फळी हे त्याचे परिपक्व रूप होय. युरोपात 1970 आणि 1980 च्या दशकांत सहारा ओलांडण्यासाठी जुने लष्करी ट्रक घेणाऱ्या प्रवाशांनी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या जर्मन कार्यशाळांनी ही शीतगाडीची भिंत उचलली. आत थंडी राखणारी भिंत बाहेरची थंडीही तेवढ्याच निष्ठेने बाहेर ठेवते.

मात्र नवी भिंत अतिशय ताठर होती आणि ट्रकचा सांगाडा मुद्दामच लवचिक ठेवलेला असतो. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे अशी शिडीसारखी ही रचना खडबडीत रस्त्यावर पिळवटते, आणि त्यामुळेच चारही चाके जमिनीला टेकून राहतात. लाकडी दांडक्यांची खोली त्या पिळाबरोबर कुरकुरत हलत असे आणि हळूहळू खिळखिळी होई. चिकटवलेली ताठर पेटी हलत नाही, म्हणून एकतर तिचा कोपरा फाटतो किंवा सांगाड्याला तडा जातो. हा प्रश्न कॅम्परवाल्यांच्या आधी शेतीयंत्रांना आणि लष्कराला पडला होता. 1948 मध्ये उत्पादनात आलेल्या आणि 1951 मध्ये डायमलर-बेंझने गागेनाऊ येथे बनवायला घेतलेल्या युनिमॉग या बहुउपयोगी ट्रकचा सांगाडा फार पिळवटतो, आणि त्याच्यावर साटा बसवताना तीन किंवा चार बिंदूंवर, ज्यांपैकी काही बिजागरीसारखे फिरणारे असतात, साटा टेकवण्याची पद्धत रूढ झाली. तीन पायांची तिवई कोणत्याही जमिनीवर डगमगत नाही, तेच तत्त्व इथे आहे. खोली एका स्वतंत्र मध्यसांगाड्यावर पक्की करायची आणि तो मध्यसांगाडा ट्रकला फक्त या फिरत्या बिंदूंनी किंवा दाबल्या जाणाऱ्या स्प्रिंगांनी जोडायचा, म्हणजे खालचा ट्रक पिळवटला तरी वरची पेटी सरळ राहते. कॅम्पर बांधणीत कल्पकता सर्वांत अधिक इथे लागते, आणि पुष्कळ सुंदर खोल्या याच जागी केलेल्या काटकसरीमुळे निकामी झाल्या आहेत.

हौदा काढून सपाट मंच बसवण्याची रीत याच विचाराशी जुळली. पिकअपच्या हौद्यात दोन्ही बाजूंनी चाकांवरच्या कमानी आत आलेल्या असतात, त्यामुळे सरकवायच्या कॅम्परची खालची रुंदी मोठ्या अमेरिकी ट्रकमध्येही सव्वा मीटरच्या आसपास अडते आणि वरचा भाग छत्रीसारखा फाकवावा लागतो; त्यातून सांधे आणि कोपरे वाढतात. हौदा गेला की शंभराहून अधिक किलो वजन उतरते आणि साधी चौकोनी पेटी पूर्ण रुंदीने बसते. ऑस्ट्रेलियात ही रीत आधीपासून अंगवळणी पडली होती. तिथे फोर्डच्या जीलाँग येथील कारखान्यातील लुइस बँट यांनी 1934 मध्ये मोटारीची केबिन आणि मालाचा हौदा एका अंगात जोडणारी ‘यूट’ घडवली, आणि पुढे शेतावरील कामाच्या गाड्यांना कारखान्याचा हौदा न घेता उघडा सपाट मंच जोडणे तिथे नेहमीचे झाले. त्या मंचावर कधी गवताचे भारे, कधी हत्यारांची पेटी आणि सुट्टीत कॅम्पर चढू लागला.

गेल्या काही दशकांत संगणकनियंत्रित यंत्राने अचूक कापलेली पॅनेले, कडांचे फायबरग्लासचे कोन आणि लवचिक पॉलियुरेथेन चिकटद्रव्य असा संच मागवून मालकाने स्वतः पेटी उभारणे शक्य झाले आहे. हे चिकटद्रव्य हवेतील ओलाव्याने घट्ट होते. ते पिळून पातळ करायचे नसते. दोन पृष्ठांमध्ये त्याचा दोन-तीन मिलिमीटरचा थर राहू द्यावा लागतो, कारण उन्हात आणि थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात फुगणाऱ्या-आकसणाऱ्या साहित्यांमधील फरक तो थर ताणून सोसतो. धातूचे स्क्रू टाळले जातात, कारण प्रत्येक स्क्रू हा एक लहानसा उष्णतासेतू आणि पाण्याची संभाव्य वाट असतो. खिडकी किंवा दार कापले की उघड्या पडलेल्या फोमची कड राळेने बंद करावी लागते, आणि जिथे वजन टांगायचे असेल तिथे गाभ्यात आधीच घट्ट साहित्याचा ठोकळा घालावा लागतो. बाहेरचा रंग बहुधा पांढरा असतो, कारण गडद पृष्ठ उन्हात इतके तापते की ते गाभ्यापासून सुटून फुगे येण्याचा धोका असतो. भिंत सर्वस्वी हवाबंद असल्यामुळे आतली हवा मात्र कारागिराला योजावी लागते. दोन माणसे रात्रभर झोपली तरी श्वासातून आणि घामातून अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत येते, आणि जुन्या गळक्या खोलीतून ते आपोआप बाहेर जात असे.

भारतात ट्रक अजूनही पुष्कळदा नुसत्या चॅसिसच्या रूपात विकला जातो आणि त्याचा साटा गावोगावच्या बॉडी बांधणाऱ्यांकडे घडतो, म्हणजे मॉडेल टीच्या काळातील परंपरा इथे जिवंत आहे. फायबरग्लास आणि फोमच्या भिंतीही शीतगाड्यांमुळे इथल्या कारागिरांना परिचित आहेत. तरीही पिकअपवर कॅम्पर बांधण्याची कला इथे रुजली नाही, त्याचे एक मोठे कारण कायद्यात आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ स्वरूपापासून दूर जाणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळे मानक आहे आणि अशी मानके प्रसिद्ध करण्याचे काम पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया करते. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. पण ही चौकट मुख्यतः मान्यताप्राप्त उत्पादकाने संपूर्ण वाहन तयार करून द्यावे या गृहीतावर उभी आहे. ऑस्ट्रेलियातील शेतकरी मंचावरून उतरवता येणारी पेटी माल म्हणून वाहतो आणि सोमवारी त्याच मंचावर खत भरतो. तशी उतरवता येणारी पेटी माल की बदल, हे इथे कायद्याने जितक्या लवकर स्पष्ट होईल तितक्या लवकर आपल्या बॉडी कारागिरांना हे काम हाती घेता येईल.